हेमाक्कांची विभूतीची डबी

हेमाक्कांचा चेहरा गोल व्हायला लागला तेव्हा आमच्या जिन्यात सगळ्यांनाच बरं वाटलं होतं. नवरा गेल्यापासून दहा वर्षं ही बाई दिवसाला दीडशे कडक भाकरी थापत आली होती. हातापायांच्या काड्या, गाल बसलेले. ते गाल संक्रांतीनंतर भरू लागले, हनुवटीखाली वळी आली. तळमजल्यावरच्या बायका म्हणाल्या, "सून लाभली बरं का अक्कांना. बसवून खायला घालते."

माझं दार त्यांच्या दारासमोर, दोघींमध्ये जिन्याची चार हात जागा. दुपारी मी दार उघडं टाकून निवडण-टिपण करत बसते, त्यामुळे समोरचं येणंजाणं आपोआप डोळ्यांखालून जातं. गाल भरले तरी दंड भरले नव्हते, हे मला तेव्हाच दिसलं होतं. उलट पोलक्याच्या बाह्या ढिल्या झाल्या होत्या. आणि एका बाहीखाली जांभळ्या वांग्याच्या रंगाचा, रुपयाएवढा डाग होता.

"हे काय अक्का? कुठं आपटलाव?"

"काय की. दाराची कडी लागली असंल."

आठ दिवसांनी दुसऱ्या हातावर दोन डाग. पुन्हा कडीच.

"कडीचा तुमच्यावर एवढा राग कशाचा हो?" मी म्हणाले.

अक्का हसल्या. त्यांची सून रेश्मा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, ती हसली नाही. खाली बघत आत गेली. मी ते मनात टिपून ठेवलं. खरं सांगायचं तर त्या दिवसापासून मी रेश्माकडे सरळ नजरेनं बघितलंच नाही.

हेमाक्का म्हणजे हेमावती. अक्कलकोटच्या पुढे, हद्दीवरच्या एका गावातल्या. राग आला, देव आठवला किंवा भाजलं, की कानडी बोलायच्या. हिशोब आणि भांडण मराठीत. नवरा ट्रकवर होता, तो अचानक गेला तेव्हा मुलगा मृत्युंजय बारावीला होता. तेराव्यानंतर आठच दिवसांनी त्यांनी परात पुढे ओढली. पातळ, चंद्रासारखी वाटोळी भाकरी, आधी भाजायची, मग मंद तव्यावर फडक्यानं दाबून दाबून पापडासारखी कडक करायची. थप्प्या बांधून ठेवल्या की महिनाभर टिकते. पुण्यामुंबईची माणसं गावी आली की थप्प्याच्या थप्प्या घेऊन जात. मृत्युंजयला त्या भाकरीवरच त्यांनी डिप्लोमा करवला, कंपनीत चिकटवला, आणि दोन वर्षांपूर्वी नातेपुत्याची रेश्मा सून करून आणली.

सकाळचा त्यांचा क्रम ठरलेला. आंघोळ, मग गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजा. शेजारी पितळेची विभूतीची डबी, मधे पत्रा घालून दोन कप्पे केलेली, आजेसासूपासून चालत आलेली. त्या डबीला घरात दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. रेश्मानं लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात पुसायला म्हणून उचलली, तर "बेडा! ठेव खाली!" असं ओरडल्या की मला माझ्या ओट्यापाशी ऐकू आलं.

पूजा झाली की भाकरी. थापताना तुटलेल्या, करपलेल्या भाकरी विकायच्या नाहीत हा त्यांचा नियम. त्यांचा चुरा पारव्यांना. आमच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीखाली पारव्यांची वसाहतच आहे. गुडघे धरले तेव्हा दोन वर्षं अक्कांना गच्ची चढता येत नव्हती. चुऱ्याची पिशवी मीच वर नेऊन टाकायची. पण यंदा संक्रांतीनंतर एकदम पाय सुटले. माझ्या आधी वर.

"गुडघे कुठं गेले ओ तुमचे?" मी विचारलं.

त्यांनी कपाळावरच्या विभूतीला बोट लावून वर दाखवलं. "त्याची कृपा."

फेब्रुवारीत सोसायटीनं पाटी लावली की टाकीखालची घाण कुणीतरी काढा, नाहीतर पारव्यांना खायला घालणं बंद. पारवे उपाशी राहतील या भीतीनं अक्कांनी ते काम स्वतःच्या अंगावर घेतलं. खुरपं आणि खराटा घेऊन टाकीखाली वाकून जायच्या. वर्षानुवर्षांची वाळलेली विष्ठा खरवडायच्या. खाली उतरल्या की भुवयासुद्धा पांढऱ्या. गोळा केलेलं पोत्यात भरून कढीपत्त्याच्या कुंडीला खत म्हणून घालायच्या. तो कढीपत्ता बघून मीच म्हणाले होते, "अक्का, माझ्या मोगऱ्याला पण आणा की थोडं." माझ्या त्या पाटीभर खतासाठी त्या आणखी एकदा टाकीखाली शिरल्या. हे मला आता रोज आठवतं.

एप्रिलमध्ये डोकं दुखायला लागलं. सोलापूरचा एप्रिल. बेचाळीस-त्रेचाळीस डिग्री, त्यात दिवसभर गॅससमोर. ऊन लागलं, असं सगळेच म्हणाले. पायाला कांदा चोळला, ताक दिलं, कैरीचं पन्हं मीच करून नेलं. कोपऱ्यावरच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या, चार तास बरं वाटायचं. पण उन्हाचं डोकं संध्याकाळी उतरतं. हे उतरत नव्हतं. तीन आठवडे झाले, वाकलं की वाढायचं, खोकलं की वाढायचं. ताप म्हणावा तर थर्मामीटर जेमतेम नव्व्याण्णव दाखवायचा. स्वभावही बदलला. ज्या बाईनं कधी माझ्याकडून वाटीभर साखर उसनी घेतली तर दीड वाटी परत केली, ती मला म्हणाली, "सारखं काय बघता ओ आमच्या घरात?"

मी बघायचं मात्र सोडलं नाही.

त्याच आठवड्यात रेश्मा जिन्यात उभी राहून फोनवर बोलताना ऐकली. आवाज दाबून बोलत होती. "न्हाय, त्यास्नी कळू द्यायचं न्हाय. कळलं की संपलं. ह्यांना पण न्हाय सांगितलं. तुमी फकस्त किती वाजता ते सांगा." मला बघितल्याबरोबर फोन पदराखाली.

दंडावरचे डाग, न उतरणारं डोकं, आणि हा फोन. मी संध्याकाळी माझ्या नवऱ्याला, मुकुंदला, सगळं एकापुढे एक मांडून सांगितलं. मुकुंद बँकेत कारकून; कागद बघितल्याशिवाय कशावर विश्वास ठेवत नाही. "तू तिला मारताना बघितलंस?" त्यानं विचारलं. "नाही." "काही घालताना?" "नाही." "मग डाळ निवड," म्हणाला.

मे महिन्याच्या पहिल्या सोमवारी सकाळी समोरून किंकाळी आली. धावत गेले तर अक्का ओट्यापाशी उभ्या, भाकरी तव्याच्या शेजारी थेट गॅसच्या जाळावर टाकलेली, पदराचं टोक पेटलेलं, आणि रेश्मा हातांनी ते विझवतेय.

"दोन तवे हायत," अक्का म्हणाल्या. "पद्माबाई, दोन तवे हायत. मी दुसऱ्यावर टाकली."

मग तिथंच ओकल्या.

दुपारी मोठ्या दवाखान्यात नेलं. मृत्युंजय कंपनीतून आला, आणि गावाकडून अक्कांचे धाकटे भाऊ चनबसप्पा आले. हा माणूस दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बहिणीकडे येणार म्हणजे येणार. शेंगांची पिशवी, गूळ, आणि बाजारातलं काहीबाही घेऊन. बहिणीवर जीव. तिचे दंड बघून त्यांचे डोळे लाल झाले.

"हे काय?" त्यांनी रेश्माला विचारलं.

"मला न्हाय माहीत मामा. आपोआप येतंय."

"आपोआप? माणसाच्या अंगावर आपोआप डाग येतेत व्हय?" मग माझ्याकडे वळले. "बाई, तुम्ही समोर राहता. तुम्ही सांगा."

मी काय सांगितलं? काहीच नाही. पण "नाही, ती तसली नव्हे" हेही सांगितलं नाही. गप्प राहिले. माझ्या गप्प राहण्याचा त्यांनी हवा तो अर्थ घेतला.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण घाई न करणाऱ्या. मान पुढे वाकवून बघितली, ती ताठ होती. म्हणाल्या, पाठीच्या मणक्यातून पाणी काढून तपासावं लागेल. ते पाणी मेंदूभोवतीही असतं. सुई घातली तर पाणी थेंबथेंब यायच्या ऐवजी जोरात आलं, एवढा दाब. तेवढं पाणी काढल्यावरच अक्का म्हणाल्या, "यव्वा, डोकं हलकं झालं."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी मृत्युंजयला आणि मला आत बोलावलं. पाण्याच्या थेंबात काळी शाई मिसळून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली होती. मला बघू दिलं. पूर्ण काळोख, आणि त्यात खळं पडलेल्या चंद्रासारखे गोल गोल ठिपके. एकाला चिकटून दुसरा बारीक ठिपका फुटत होता.

"ही बुरशी आहे," त्या म्हणाल्या. "मेंदूच्या आवरणाला झालेली."

"बुरशी? भाकरीला येते ती?" मृत्युंजयनं विचारलं.

"ती नाही. दुसरी जात. घरात किंवा आसपास पारवे आहेत का?"

मी टाकीचं, खुरप्याचं सांगितलं. मोगऱ्याचंही सांगितलं.

"तिथूनच आली असणार," त्या म्हणाल्या. "विष्ठा वाळते, धूळ उडते, त्या धुळीत ती असते. श्वासाबरोबर छातीत जाते. तुमच्याही गेली असेल. धडधाकट शरीर तिला छातीतच कोंडून टाकतं, आपल्याला पत्ताही लागत नाही. पण शरीराचा पहारा झोपलेला असेल, तर ती रक्तात उतरते आणि रक्ताबरोबर मेंदूच्या आवरणापर्यंत पोचते. तिथलं पाणी वाहून जायच्या वाटा बुजवते. पाणी साठतं, दाब वाढतो. डोकं त्यानं दुखतं, एकाचे दोन दिसतात तेही त्यानंच."

"म्हणजे आम्हाला..." मृत्युंजयनं सुरू केलं.

"त्यांच्यापासून कुणाला होत नाही. जेवणातून नाही, भांड्यातून नाही, जवळ बसून नाही." त्यांनी कागदावरचं पेन उचललं. "मला कोडं वेगळंच आहे. सोलापुरात एवढी माणसं पारव्यांना दाणे टाकतात, सगळ्यांना हे होत नाही. यांचा पहारा कशानं झोपला? साखर थोडी वाढलीय, पण एवढ्यानं नाही. कुठली औषधं चालू आहेत?"

"बीपीची एक गोळी," मृत्युंजय म्हणाला. "बाकी काही नाही. अव्वा, आई माझी, औषधाच्या विरोधातच आहे."

"अजून एक तपासणी करावी लागेल. एचआयव्हीची. या आजारात ती करतातच, गैर मानू नका."

गैर कसं मानायचं नाही? बंद खोलीत उच्चारलेला शब्द संध्याकाळपर्यंत आमच्या तळमजल्यावर पोचला होता. नवरा ट्रकवर होता ना, एकीनं म्हटलं. मग सुनेपर्यंत आलं असेल, दुसरीनं. दोन दिवसांनी तपासणी साफ निघाली, पण ती बातमी खाली पोचायला कुणाला घाई नव्हती. भाकरीच्या नेहमीच्या गिऱ्हाइकांनी थप्प्या परत पाठवल्या. एका बाईनं मला जिन्यात थांबवून विचारलं, "मेंदूचा ताप पसरतो म्हणे. तुम्ही तिकडचं पाणी तर पीत नाही ना?" मी म्हणाले, "पिते. चहासुद्धा." ती दोन पायऱ्या खाली सरकली.

चनबसप्पांच्या डोक्यात मात्र पारवे बसेचनात. "आमच्या गावात देवळाच्या शिखरावर हजार पारवे हायत. कुणाला झालं का? पोटात काहीतरी गेलंय अक्काच्या." त्यांनी मृत्युंजयला बजावलं, रेश्मानं दवाखान्यात पाऊल टाकायचं नाही. मृत्युंजय आईच्या खाटेकडे बघायचा, मग जमिनीकडे. म्हणून दिवसा अक्कांजवळ मी बसू लागले.

हातात सुई, सलाइनमधून बुरशीवरचं औषध. ते सुरू झालं की त्यांना हुडहुडी भरायची. एक दिवसाआड मणक्यातून पाणी काढून दाब उतरवायचे. एवढं करून तिसऱ्या दिवशी अक्का एकदम खचल्या. रक्तदाब खाली, साखरही खाली, मान उचलवेना, ओकाऱ्या. डॉक्टरीणबाईंच्या कपाळाला आठी. "हे बुरशीचं वाटत नाही," त्या नर्सला म्हणाल्या. "काहीतरी सुटतंय आपल्याकडून."

अक्का पुटपुटत होत्या. मी कान नेला. "डबी. माझी विभूतीची डबी आणा."

मृत्युंजयनं संध्याकाळी डबी आणून दिली. आणि दुसऱ्या दिवशी मी गेले तर अक्का उशीला टेकून बसलेल्या! रक्तदाब चढलेला. मला म्हणाल्या, "चहा हाय का थर्मासमध्ये?"

चनबसप्पांनी दवाखान्याच्या दारातच हात जोडले. "बघितलाव? घरचं अन्न सुटलं, देवाची विभूती आली, आणि अक्का उठून बसली. आता आणि काय पुरावा पाहिजे?" मृत्युंजयला म्हणाले, "परवा तिला नातेपुत्याला पोचव. अक्का घरी यायच्या आत घर मोकळं पाहिजे."

मृत्युंजय नाही म्हणाला नाही.

त्या दिवशी घरी आले तर रेश्मा माझ्या दारात किल्ली घेऊन उभी. डोळे कोरडे. हातांवर पदर विझवताना भाजलेले फोड.

"काकू, ही किल्ली. कढीपत्त्याला पाणी घाला." मग तिथंच थांबली. "एक विचारू? तुमचं दार उघडंच असतंय की दिवसभर. दोन वरसं. तुमी बगितलं असंल की, मी कवा हात उगारला त्यांच्यावर. सांगा. मला तरी कळू द्या कवा ते."

मी आठवून बघितलं. प्रामाणिकपणे, दोन वर्षांच्या दुपारी एकेक करून. तिनं डोक्याला तेल लावलेलं आठवलं. परात उचलून दिलेली आठवली. एकदाही हात उगारलेला नाही.

"आणि तो फोन?" माझ्या तोंडून गेलंच.

तिनं कमरेच्या पिशवीतून एक चुरगळलेलं कार्ड काढलं. डोळ्यांच्या दवाखान्याचं. "त्यास्नी दोन-दोन दिसत हुतं. दवाखाना म्हणलं की आत्या जेवणं सोडायच्या. म्हणून गुपचूप नंबर लावला हुता, देवळात जाऊ म्हणून न्यायचं ठरवलं हुतं. ह्यांना सांगितलं असतं तर ह्यांनी आईला सांगितलं असतं." कार्डावर तारीख होती. भाकरी जाळावर पडली त्याच्या दुसऱ्या दिवसाची.

किल्ली माझ्या हातात राहिली. ती आत बॅग भरायला गेली.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात जरा लवकरच पोचले. अक्का नुकत्याच अंग पुसून बसल्या होत्या. मांडीवर डबी. मी पडद्यापाशीच थांबले. डाव्या कप्प्यातली विभूती त्यांनी तीन बोटांवर घेतली आणि कपाळाला ओढली. मग उजवा कप्पा. त्यातून त्यांनी बोटं नाही, चमचा भरला. पोह्यांचा लहान चमचा, काठोकाठ. तोंडात टाकला, तोंड वाकडं केलं आणि वरून अर्धा पेला पाणी प्यायल्या.

विभूती जिभेला लावणारी माणसं मी खूप बघितलीत. कणभर. चमचाभर विभूती पाण्याबरोबर गिळणारं कुणी बघितलं नव्हतं. आणि विभूती कडू नसते.

मी खुर्ची जवळ ओढून बसले. "अक्का, उजव्या कप्प्यात काय आहे?"

"विभूती."

"मग मला पण लावा."

डबीचं झाकण खटकन बंद झालं. "ती लावायची न्हवं."

मी मोसंबं सोललं, फोडी त्यांच्या हातावर ठेवल्या. त्यांनी दोन खाल्ल्या. "सांगायचं नसतंय ते," हळूच म्हणाल्या. "देणाऱ्यानं बजावलंय. बोललं की गुण जातो. माझे गुडघे परत धरले तर भाकरी कोण थापणार?"

मग मला एकेक गोष्ट दिसायला लागली. संक्रांत. गुडघे. भरलेले गाल, वाळलेले दंड. डबी घरी राहिली तेव्हा खचलेला जीव, डबी आली तेव्हा उठून बसलेला. डॉक्टरीणबाईंनी औषधं विचारली तेव्हा मृत्युंजय खोटं बोलला नव्हता. देवाच्या डबीत हात घालून औषध कोण शोधणार?

"अक्का," मी म्हणाले, "तुम्हाला माहीत आहे का, रेश्मा उद्या नातेपुत्याला निघालीय?"

"का? तिच्या आईला बरं न्हाय का?"

म्हणजे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मी सांगितलं. दंडावरचे डाग, पोटात काहीतरी घातल्याचा आळ, दवाखान्यात पाऊल न टाकू देणं, सगळं. मी गप्प राहिले होते तेही सांगितलं.

अक्कांनी हातातली डबी मांडीवर ठेवली. "तिनं? अय्यो. तिनं माझ्या पदराची आग हातानं इझवली." मग म्हणाल्या, "बोलवा चन्नूला. डॉक्टरीणला पण बोलवा. आणि रेश्माला. ती आल्याबिगर मी तोंड उघडणार न्हाय."

रेश्मा यायला तासभर लागला. पडद्याच्या आत येईना. चनबसप्पा खिडकीपाशी पाठ फिरवून उभे. अक्कांनी डबी उघडली आणि रेश्मापुढे धरली. "घे. तूच दे डॉक्टरला."

"आत्या, ती डबी..."

"घे म्हणते की!"

रेश्मानं दोन्ही हातांनी डबी घेतली. डॉक्टरीणबाईंनी उजव्या कप्प्यातली पांढुरकी पूड बोटावर घेतली, वास घेतला. "कुठून आणता?"

खिडकीपाशी काहीतरी हललं. चनबसप्पा वळले होते. "ती... ती तर मी आणतो," म्हणाले. "आमच्याकडच्या बाजारात एक वैदू बसतो. गुडघ्याची पूड. झाडपाला हाय नुसता. आख्खं गाव घेतंय. दर महिन्याला मीच..."

"झाडपाल्यानं चार दिवसांत गुडघे मोकळे होत नाहीत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "यात स्टेरॉइड कुटून घातलेलं असणार. तपासायला पाठवते. चेहरा गोल होणं, हातपाय वाळणं, कातडी पातळ होऊन नुसत्या धक्क्यानं डाग पडणं, सगळं त्यानंच होतं. आणि शरीराचा पहाराही तेच झोपवतं." मग अक्कांकडे वळल्या. "आई, पारव्यांची धूळ छातीतच राहिली असती. या चमच्यानं तिला मेंदूपर्यंतची वाट मोकळी करून दिली."

माझ्या मनात आणखी एक आलं, ते मी बोलले नाही. पूड नसती तर गुडघे सुटले नसते, आणि गुडघे सुटले नसते तर अक्का टाकीखाली गेल्याच नसत्या.

"मग आता फेकून द्यायची?" मृत्युंजयनं विचारलं.

"अजिबात एकदम बंद नाही. तिसऱ्या दिवशी काय झालं बघितलंत ना? बाहेरून मिळतंय म्हणून शरीरानं स्वतःचं बनवणं सोडलंय. आता मोजून मी देईन आणि मीच कमी करत नेईन. ही पूड मात्र माझ्याकडे राहील."

चनबसप्पा रेश्माच्या समोर आले. वयानं वडिलांएवढा माणूस. हात जोडायला लागले तर तिनं ते धरले. पण माफ केलं असं म्हणाली नाही. आणि ते मला योग्यच वाटलं.

चाळीस दिवस अक्का दवाखान्यात होत्या. किडनीवर ताण आला, रक्तातलं पोटॅशियम उतरलं, दोनदा वाटलं की हातच्या जातात. त्या सगळ्या दिवसांत खाटेपाशी रेश्मा होती. मी डबे पोचवले. जूनच्या मध्याला त्या घरी आल्या. एका डोळ्याला अजून अंधुक दिसतं. गुडघे परत धरले आहेत, जिना दोन्ही हातांनी कठडा धरून चढतात. बुरशीच्या गोळ्या वर्षभर घ्यायच्या आहेत. चेहरा पुन्हा लहान झालाय, गाल बसलेत. खालच्या बायका म्हणतात, "वाळल्या हो अक्का." आणि मला तो वाळलेला चेहरा बघून बरं वाटतं.

पुडीचा अहवाल डॉक्टरीणबाई म्हणाल्या तसाच आला. चनबसप्पा तो घेऊन बाजारात गेले, तर वैदूची जागा रिकामी. आसपासच्यांनी सांगितलं, पुढच्या गावाला बसतो आता. ते पुढच्या गावालाही गेले. अजून जात असतात. बाजारात कुणाचा चेहरा एकाएकी गोल दिसला की थांबवून विचारतात, म्हणून लोक त्यांना वेड्यात काढू लागलेत.

टाकीखाली जाळी बसली. त्याआधी ओलं करून, तोंडाला फडकं बांधून माणसांनी सगळं काढलं. मी माझ्या छातीचा फोटो काढून घेतला, साफ आहे. मोगऱ्याची कुंडी टाकून दिली. मुकुंद म्हणाला, फार करतेस. करू दे.

भाकरी आता रेश्मा थापते, अक्का स्टुलावर बसून फडक्यानं दाबतात. गिऱ्हाइकं परत आली, सगळी नाही. सकाळी पूजा झाली की अक्का डबी रेश्मापुढे करतात. उजव्या कप्प्यात आता त्या दिवसाची गोळी असते. ती रेश्मानं ठेवायची आणि रेश्मानंच काढून द्यायची. मग अक्का माझ्या उघड्या दाराकडे तोंड करून, आख्ख्या जिन्याला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडतात, "पद्माबाई, गोळी घेतली ओ! बुरशीची!"

"ऐकलं!" मी आतून सांगते.

परवा रेश्मा भाकरीची थप्पी द्यायला आली. मी म्हटलं, बस की. ती उंबऱ्याशीच उभी राहिली. "तुमचं लक्ष हुतं म्हणून आत्या वाचल्या, सगळी म्हणत्यात," म्हणाली.

मी थप्पी हातात घेतली. तिच्या मनगटावर भाजल्याची गुलाबी कातडी अजून दिसते. माझं लक्ष कुठं कुठं होतं आणि त्यातून मी काय काय ठरवलं होतं, हे तिला माझ्याइतकंच ठाऊक आहे.

"रेश्मा," मी म्हणाले, "मी त्या दिवशी मामांसमोर बोलायला हवं होतं."

"व्हय," ती म्हणाली. "बोलायला पायजे हुतं." आणि मग आत येऊन बसली.